अर्धी सही

"आणि हा हात कुणाचा?"

वस्तादांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"कुठला हात, वस्ताद?"

"ह्यो कोपऱ्यातला. तुझ्या सहीखाली दबलाय."

शिवतेजनं वाकून पाहिलं. पत्त्याएवढं गुळगुळीत कार्ड. त्यावर तो स्वतः, कमरेतून वाकलेला, स्टिकला चेंडू चिकटलेला. लीगच्या अंतिम सामन्यातला पेनल्टी कॉर्नर. ह्याच गोलावर संघाला कप मिळाला होता. फोटोच्या कडेला कुणाची तरी आडवी स्टिक होती आणि मनगटाशीच कापला गेलेला एक हातमोजा. त्यावरून शिवतेजच्या सहीचा शेपटा ऐटीत गेला होता.

"अस्लमचा," तो म्हणाला.

"अस्सं..."

आमच्या कोल्हापुरात शिकवणारा कुस्तीचा असो की हॉकीचा, लोक त्याला वस्तादच म्हणतात. गणपतराव इंगवले हॉकीचे वस्ताद. मैदानाच्या पायरीवर बसायचे, पोरांचा खेळ बघायचे, बोलायचे बेतानंच. त्यांच्या तोंडून नुसतं 'बरं' ऐकायला पोरं वर्षं घालवायची. शिवतेज भोपळे त्यांचा सगळ्यात नावाजलेला चेला, पण 'बरं' त्याच्याही वाट्याला आलं नव्हतं.

आज त्यानं पहिलं कार्ड त्यांच्यासाठी आणलं होतं. बाकीच्या बिनसहीच्या कार्डांचा खोका शेजारी. सह्या करून संध्याकाळी कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या माणसाला द्यायचा होता. मुलं म्हणे पाकिटं विकत घेतात, सहीचं कार्ड निघालं की घरभर नाचतात. हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

"ठेवा की, वस्ताद. जे काय झालो ते तुमच्यामुळं."

वस्तादांनी कार्ड त्याच्या हातात परत दिलं.

"सही अर्धी हाय."

"पुरं नाव लिहिलंय! शिवतेज विलास भोपळे."

"अर्धी हाय."

म्हाताऱ्याची नजर अधू झाली, असं शिवतेजला वाटलं. नवं कार्ड काढून त्यानं मांडीवर ठेवलं. वारा सुटला होता. पेन टेकवलं की कार्ड सरके. सरळ केलं, पुन्हा सरकलं. मग उडून पायरीखाली गेलं.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. कार्ड उचललं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट दाबून धरलं.

"आता कर."

सही झाली. पेनाची शाई वस्तादांच्या बोटालाही लागली. त्यांनी ती धोतराला पुसली आणि पुन्हा मैदानाकडे बघत बसले.



"अस्लमकडं गेलतास?"

"वेळच नाही मिळाला, वस्ताद."

"आलायस कवाचा?"

"झाला आठवडा."



पेनल्टी कॉर्नरला एकजण रेषेवरून चेंडू ढकलतो. दुसरा जमिनीलगत वाकून आडव्या स्टिकनं तो अडवतो. तिसरा मारतो. टाळ्या तिसऱ्याला. अस्लम नदाफ दुसरा. त्या गोलाच्या वेळी त्यानं चेंडू अडवला आणि पुढच्याच क्षणी धावत आलेल्या एका खेळाडूचा बूट त्याच्या उजव्या हातावर पडला. बोटं मोडली. पुन्हा स्टिक धरता येईल असं डॉक्टर काही म्हणेनात. आणि कंपनीनं कार्डं काढली ती गोल करणाऱ्यांची.

"काय तोंडानं जाऊ?" शिवतेज एकदम म्हणाला. "लहानपणापासून तो अडवतो, मी मारतो. त्याच्या हाताचं असं झालं आणि मी सह्या करत फिरतोय. त्यानं तोंड फिरवलं तर? जिवाभावाचा म्हणावा असा तेवढाच एक आहे मला."

वस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मला कार्ड पायजे," ते म्हणाले. "पुरी सही झाली की घेऊन ये."

अस्लमचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या दिवशी तिथं पोचायला शिवतेजला फार वेळ लागला. गल्लीच्या तोंडाशी तो नुसताच उभा राहिला. मग खोका काखेत घेऊन निघाला.

दार उघडंच होतं.

"अम्मी, चहा टाक!" अस्लम आतून ओरडला. "साखर बेतानं. एवढ्या दिवसांनी आलाय, लाडावायला नको."

त्याचा उजवा हात पट्ट्यांत होता. शिवतेजनं त्याकडे पाहिलं आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरला. नुसतं कार्ड पुढं केलं.

"सही पाहिजे."

"तुझी हाय की ह्याच्यावर."

"तुझी पाहिजे."

अस्लम कार्डाकडे बघत राहिला...

"असा दिसतोस व्हय तू मारताना!" तो म्हणाला. "कधी बघायलाच मिळालं न्हाई. माझं तोंड सदा जमिनीकडं. तू ओरडलास की मला कळायचं, गोल झाला."

"त्या दिवशी मी ओरडत पळत सुटलो. मागं वळून बघितलंच नाही."

"बरं झालं. लहान पोरागत रडत होतो मी."

शिवतेजला हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले.

"अस्लम, तू अडवलास म्हणून जमलं रे. दर वेळी. आणि मी कधी एका शब्दानं बोललो नाही. लई उपकार आहेत तुझे."

"आता बोललास न्हवं? आण ते पेन."

अस्लमनं पेन डाव्या हातात घेतलं. कार्ड सरकलं. शिवतेजनं कोपऱ्यावर बोट दाबून धरलं.

अक्षरं वाकडीतिकडी उमटली, हातमोज्याला लागून. अम्मी चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहिले, काही विचारलं नाही, साखरेचा डबा आणायला परत आत गेली.

"खोक्यातल्या सगळ्यांवर करायची," शिवतेज म्हणाला.

"कंपनी घेईल व्हय असली?"

"नाही घेतली तर आपण वाटू पोरांना."

दुपार त्यातच गेली. एकजण डाव्या हातानं लिहीत होता आणि मधेमधे दुसऱ्याला शिव्या देत होता. दुसरा स्वतःची सही उरकून कोपरा दाबून धरत होता. इतकं बरं शिवतेजला कप उचलतानाही वाटलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा तो मैदानावर परतला. पायरीवर वस्ताद होते तसेच बसलेले. त्यानं दोन सह्यांचं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

वस्तादांनी कार्डाकडे पाहिलं नाही. त्यांनी शिवतेजचा हात धरून उजेडाकडे वळवला. त्याचं बोट शाईनं काळं झालं होतं.

"बरं," वस्ताद म्हणाले. "आज चेंडू नीट अडवलास."