जांभळीवरच्या खारीची उत्तरे

डोंगराच्या अल्याड जांभळींची एक दाट राई होती आणि त्या राईत एक खार आपल्या आईसोबत राहत असे. राईत पाणी होते, फळे होती, सावली होती. नव्हता तो फक्त वैद्य. मागच्या थंडीत खारीच्या धाकट्या भावाला ताप भरला, तेव्हा डोंगराच्या पल्याड निरोप गेला, वैद्य निघालाही. पण तो येईपर्यंत भाऊ राहिला नाही. त्या दिवसापासून खारीने एकच ध्यास घेतला. आपण वैद्य व्हायचे आणि राहायचे इथेच, या राईत.

मुलांनो, वैद्य होणे काही सोपे नव्हते. पल्याडच्या अस्वलगुरुजींच्या वैद्यशाळेत शिरायचे तर आधी परीक्षा द्यावी लागे, आणि ती जन्मात एकदाच देता येई. हुकली की हुकली. खार वर्षभर पाने हुंगत, साली चाखत, कुठले मूळ कशावर चालते ते ज्याला त्याला विचारत हिंडली. मैत्रिणींनी खेळायला बोलावले की म्हणे, "नंतर." आई म्हणे, "अगं, दोन घास तरी खाऊन घे." तेही नंतरच.

परीक्षेच्या सकाळी रानातली सगळी होतकरू मंडळी वैद्यशाळेच्या अंगणात जमली. अंगणाच्या मधोमध एक भला मोठा खडक होता. गुरुजींनी अर्ध्यांना खडकाच्या पुढे बसवले, अर्ध्यांना मागे. आदल्या वर्षी माकडांनी एकमेकांचे बघून लिहिले होते, अगदी चुकांसकट. म्हणून गुरुजींनी घसा खाकरून सांगितले, "पुढच्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि मागच्यांचे वेगळे. तेव्हा माना वळवून काही उपयोग नाही."

हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण खारीने ठेवले नाही. ती त्या वेळी डोळे मिटून मुळ्यांची नावे घोकत होती. परीक्षेला बसणाऱ्यांची ही जुनीच खोड आहे. आयत्या वेळी घोकलेले डोक्यात राहत नाही, आणि त्या नादात समोरच्याने सांगितलेलेही कानांत शिरत नाही.

खार बसली खडकाच्या मागे. तिच्या शेजारी कासव होते आणि पलीकडे दोन साळिंदरे. तिचा मित्र ससा मात्र पुढे गेला. तिकडेच कोल्हा होता आणि कावळाही. प्रश्न कोरलेली झाडाची साल हातात आली आणि खारीने लगेच वाचायला घेतली. 'भाजलेल्या जागी काय लावावे?' हा पहिला प्रश्न. तिने वडाच्या पानावर नखाने लिहिले : कोरफड. दुसरा प्रश्न तापाचा. तिथे तिला भाऊ आठवला, आणि तिने लिहिले : गुळवेल. तिसरा, लहान पिल्लाच्या पोटदुखीचा. मुरुडशेंग. असे करत करत सगळी उत्तरे लिहून झाली. साली आणि पाने गुरुजींकडे परत गेली, आणि खार शेपटी फुलवून बाहेर आली. इतकी हलकी ती वर्षभरात कधी झाली नव्हती.

दुपारी झाडपाला ओळखण्याची तोंडी परीक्षा होती. मधल्या सुट्टीत पोटात काही ढकलावे आणि पाय पसरावेत, हे शहाणपणाचे. कासवाने तेच केले. "झालं ते झालं," असे म्हणून ते डबक्यात उतरले. साळिंदरे झुडपात जाऊन पेंगू लागली. खारही पाण्याकडे निघाली होती, पण आंब्याखालून कोल्ह्याने हाक दिली, "या रे या, उत्तरं जुळवून बघू." ससा म्हणाला, "बस गं जरा. बघू तरी." आणि ती बसली. खडकाच्या मागची ती एकटीच तिथे होती.

कोल्ह्याला कोणी पंच नेमले नव्हते, पण जिथे चारजण जमतील तिथे तो आपला आपणच पंच होत असे. त्याने विचारले, "पहिल्याचं उत्तर? माझं हळद."

"हळदच. त्यात कसली शंका?" कावळा म्हणाला.

"माझंही हळद," ससा म्हणाला.

खार हळूच म्हणाली, "मी कोरफड लिहिलं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. कावळ्याने मान तिरकी केली आणि तो नुसताच हसला.

आता, यांचा पहिला प्रश्न होता वाहत्या रक्ताचा. खारीला तो आलाच नव्हता. 'प्रश्न काय होता?' एवढे तिने विचारले असते तरी झाले असते, आणि तिच्या ओठांवर ते आलेही होते. पण कोल्हा घाईत होता. "कोण काय वाचून आलंय ते नको. नुसती उत्तरं बोला," तो म्हणाला, "घंटा होईल." खारीने शब्द गिळला. भाजल्यावर हळद? असेल बाई, तिला वाटले. एवढे सगळे म्हणतात म्हणजे असेलच.

"दुसऱ्याचं अडुळसा," कोल्हा म्हणाला. सगळ्यांचे अडुळसा. खारीचे गुळवेल.

"तिसऱ्याचं बेलफळ." सगळ्यांचे बेलफळ. खारीला मुरुडशेंगेचे नाव घेण्याचाही धीर झाला नाही.

त्यानंतरची उत्तरे तिला ऐकू आली नाहीत. तापावर आपण गुळवेल लिहिली, आणि ती चुकली. मग आपण त्या दिवशी वैद्य असतो तरी भाऊ वाचला नसताच, हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच रुतून बसला. कोल्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनाच जमतं असं नाही." त्याच्या मनात काही वाकडे नव्हते, हेही सांगायला हवे. गुरुजींचे बोलणे त्याने सकाळी ऐकले होते. पण स्वतःच्या उत्तरांपलीकडचे काही त्याच्या ध्यानात राहत नसे.

"दुपारची तरी दे," ससा म्हणाला.

"कशाला? अजून हसू करून घ्यायला?" खार म्हणाली आणि निघाली.

डबक्यातून कासवाने मान वर काढली. "अगं, कुठे निघालीस?"

"घरी."

"का?" कासवाने विचारले. खार तोवर झाडावर चढून दुसऱ्या फांदीवर गेलीही होती. कासवाला आले होते तेच प्रश्न तिला आले होते. त्या एका 'का'ला उत्तर द्यायला ती थांबली असती, तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण पाय हलके असले की माणूस पटकन पळतो, आणि खारीचे पाय फार हलके असतात.

घरी आईने काही विचारण्याआधीच खार तिच्या कुशीत शिरली आणि रडली. आईने रडू दिले. मग म्हणाली, "चुकलं म्हणून गुरुजींनी सांगितलं का?"

"नाही. कोल्ह्याने."

"अगं, मग तपासणारे गुरुजी की कोल्हा?"

उन्हे कलली तेव्हा ससा धापा टाकत जांभळीखाली आला. त्याला धड बोलता येईना. "गुरुजींनी तुला तीनदा पुकारलं गं. मी म्हटलं, तिची उत्तरं चुकली म्हणून ती गेली. तर म्हणाले, कोणी सांगितलं? मागच्या बाजूचे प्रश्नच वेगळे होते. तुझी सगळीच्या सगळी बरोबर आहेत. माझी परीक्षा झाल्या झाल्या मी तसाच पळत आलोय."

खार जी सुटली ती वैद्यशाळेच्या अंगणातच थांबली. अंगण रिकामे होते. गुरुजी खडकाला टेकून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात तिचे वडाचे पान होते.

"गुरुजी, मी आले."

"आलीस खरी," गुरुजी म्हणाले. "यंदाच्या परीक्षेत असं दुसरं पान नाही, पोरी."

"मग मला घ्या ना. आत्ता विचारा, कुठलंही पान ओळखून दाखवते."

गुरुजींनी ते पान उचलून पुन्हा एकदा पाहिले. त्यांचे डोळे ओले झाले होते, हे खारीला दिसले. "ओळखशील. मला ठाऊक आहे. पण नियम सगळ्यांना सारखा, आणि तुझी जागा आता दुसऱ्याला गेली. शिवाय एक सांगू? आजाऱ्याभोवती दहा तोंडं दहा औषधं सांगतात. त्या गलक्यात आपलं उत्तर धरून उभा राहतो, तो वैद्य."

तिची जागा मिळाली कोल्ह्याला. त्याची निम्मी उत्तरे चुकली होती, पण दुपारी तो हजर होता.

पुढे ससा शिकून वैद्य झाला आणि डोंगरापल्याड राहू लागला. एका वैशाखात अल्याडच्या गवताला वणवा लागला आणि शेजारच्या होला पक्ष्याच्या पिल्लाचे पाय भाजले. होला खारीकडे धावत आला. "तुला यातलं कळतं. काय लावू, सांग."

खारीच्या मनात उत्तर लगेच आले. पण पाठोपाठ आंब्याखालचे ते सगळे डोळेही आले. "मला नक्की नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "सशाला बोलावणं धाडा."

ससा दुसऱ्या आजाऱ्याकडे गेला होता, तो दोन दिवसांनी पोचला. त्याने पिल्लाचे पाय पाहिले आणि जांभळीच्या बुंध्याशी गेला. तिथे, खारीच्या घराखालीच, कोरफड उगवली होती. त्याने एक पात तोडली, गर काढून पायांना लावला. मग वर बघून म्हणाला, "तुला तर हे माहीत होतं. तुझ्या पानावर पहिलंच उत्तर होतं हे."

"माहीत होतं," खार म्हणाली. "पण मला वाटलं, मला वाटतंय म्हणजे ते चूकच असणार."

पिल्लू जगले. त्याचा एक पाय मात्र कायमचा आखडला, आणि फांदी धरता येईना म्हणून ते जांभळीखाली जमिनीवरच दाणे टिपत फिरे. खारीला ते रोज वरून दिसे.

तात्पर्य : चारजणांचे उत्तर वेगळे आले म्हणून आपले चुकले असे धरू नये. त्यांना विचारलेला प्रश्न आपलाच होता का, हे आधी विचारून घ्यावे.