पितळी सेन्सरचं नाव

गाव कुठलं ते विचारू नका. तिथे अंबादास नावाचा एक मिस्त्री होता. हात चांगला, पण मिजास त्याहून मोठी. त्याने भंगारातल्या गाडीचं रोटरी इंजिन आणलं, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो ते. माळावरच्या शेडमध्ये त्या इंजिनावर उडणारं छोटं विमान त्याने स्वतः बांधायला घेतलं. मदतीला पुतणी ऊर्मिला. तिने विमान चालवायचा रीतसर परवाना काढला होता आणि घरच्या विमानातून उडायचं या एका वेडापायी आलेली स्थळं परत धाडली होती.

रविवारी गाव विमान बघायला जमे. मग काय विचारता! अंबादास स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इंजिनाभोवती फिरे आणि एकेका भागावर टिचकी मारत नावं सांगे. "हा तेलाचा दाब बघणारा सेन्सर. हा पाण्याचं तापमान सांगणारा. ही पेट्रोलच्या नळीची जोडणी." लोक माना डोलावत. एकदा शाळेच्या हेडबाईंनी खालच्या अंगाला बसवलेल्या एका पितळी सेन्सरवर बोट ठेवलं.

"आणि हा हो कसला?"

अंबादासला ते माहीत नव्हतं. पण एवढी माणसं समोर! "तोही पाण्याचाच. जोडीला दुसरा," त्याने बेधडक ठोकून दिलं. मंडळी पांगल्यावर तशी चिठ्ठीसुद्धा त्यावर चिकटवली.

पुढे वायरिंग करताना ऊर्मिला थबकली. "काका, पाण्याचेच दोन? मग तेलाचं तापमान दाखवणारा कुठाय?"

"तो लागत नाही. पाणी थंड तर तेल थंड."

"नक्की ना? नाहीतर शहरात रोटरीचं काम करणारे आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारते."

"म्हणजे मी इतकी वर्षं काय गवत उपटलं?" अंबादास भडकला. 'विचार बाई,' एवढंच म्हणाला असता तर कुणाचं काय जात होतं? पण छे! ऊर्मिलाने काकांचा शब्द मानला आणि तो पितळी सेन्सर जादाचा म्हणून वायरीवाचून तसाच राहिला.

आता, रोटरी इंजिनाची बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं, आणि तो पितळी सेन्सर नेमका तेलाच्या तापमानाचा होता. उड्डाणाच्या दिवशी सगळं गाव माळावर लोटलं. विमान उठलं, टाळ्या पडल्या. वर पाण्याचा काटा शहाण्यासारखा जागेवर उभा होता, आणि तेल उकळायला आलंय हे ऊर्मिलाला कळायला मार्गच नव्हता. तेलाच्या दाबाचा काटा कोसळला तेव्हा फार उशीर झाला होता. इंजिन जाम झालं. तिने विमान कसंबसं नांगरटीत टेकवलं, पण ते उलटलं. पोर वाचली, पण पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

अंबादासने मोडक्या इंजिनातून तो सेन्सर काढला. त्याचं टोक जळक्या तेलाने काळं झालं होतं. सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि सांगून टाकायचं असं ठरवूनच तो दवाखान्यात गेला.

खाटेभोवती त्याचा भाऊ होता, वहिनी होती, गावची माणसं होती. काकाला बघताच ऊर्मिला रडू लागली. "माझंच चुकलं काका. दाबाचा काटा पडताना मला दिसायला हवा होता. तुमची सगळी मेहनत मी मातीत घातली."

अंबादासने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "असू दे पोरी. नव्या माणसाकडून होतं असं."

तात्पर्य: ज्याला 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटते, त्याला पुढे 'माझं चुकलं' म्हणायलाही तोंड उरत नाही, आणि त्याच्या खोट्या इभ्रतीची शिक्षा त्याच्यावर विश्वास टाकणारा भोगतो.