आकडा धरून राहिला

ज्याच्या अंगावर ओझं येतं, त्याला तुम्ही कधीच विचारत नाही. वजनकाट्याला विचारता आणि निघता.

मोटारी आपसांत बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका जीपच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी आकडा होता. एकदा जत्रेत विकायचे पाटे-वरवंटे ट्रेलरमध्ये भरले गेले, आणि उतरवायला सोपे जावेत म्हणून सगळे मागच्या फळीशीच रचले. गाडी हलताच आकड्याला कळलं, ट्रेलर आपल्याला खाली दाबत नाही, वर उचलतोय.

"जीपताई, थांब जरा," तो म्हणाला. "माल पुढे घ्यायला हवा. तुझी मागची चाकं हलकी झालीत. उतारावर ती रस्ता सोडतील."

"काट्यावर वजन बरोबर भरलं ना?" जीप म्हणाली. "मग कुरकुरतोस कशाला? तुझं काम धरायचं."

"एक किलोसुद्धा जास्त नाही माझ्यात," ट्रेलर फुशारला.

आकडा धरून राहिला.

घाटाच्या उतारावर ट्रेलर आधी नुसता डुलला, मग जीपला डावीउजवीकडे हिसके देऊ लागला. जीपने घाबरून ब्रेक दाबला. तिची मागची चाकं घसरली आणि तिघंही दरीत गेली. आकडा शेवटपर्यंत सुटला नाही.

वळणावर एक मोडकी बैलगाडी कुजत पडली होती. खाली बघत ती म्हणाली, "मागे ओझं जास्त झालं की गाडी पुढून वर उचलते, याला आम्ही उलाळ म्हणायचो. गाडी उलाळ झाली की जू वर ओढलं जाऊन बैलांचा गळा आवळायचा, ते पाऊलच टाकत नसत. म्हणून तरी माणसं खाली उतरून माल पुढे घ्यायची."