घटकाभर लेक

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक कुंभारीण आणि एक कोष्टीण भिंतीला भिंत लागून राहायच्या. कुंभारणीचं नाव येसू, कोष्टिणीचं भागाई. दोघींनाही चार-चार लेकरं, आणि दोघींच्याही घरी काम उरावर बसलेलं.

येसू पहाटेच माती तुडवायला लागायची. मग पाणी, भाकऱ्या, धुणं, पोरांची भांडणं, दुपारी मडकी थापणं. पाठ टेकायला म्हणून मिळत नसे. भागाईचंही तेच. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ती पाळणा हलवायची, कारण धाकटं सहा महिन्यांचं होतं. पण दुपारी बाळ झोपलं की सासूला सांगून ती देवीच्या देवळात जायची आणि घटकाभराने गुणगुणत परत यायची.

ते गुणगुणणं कानावर आलं की येसूच्या पोटात दुखायचं. "मला मरायला फुरसत नाही, आणि हिला गाणी सुचतात," असं पुटपुटत ती जवळ असेल त्या पोराला धपाटा घालायची.

एकदा तिची लेक म्हणाली, "आई, भागाईकाकू कशी हसत बोलते गं."

येसूला ते फार झोंबलं. देवीने हिला नक्की काहीतरी गुपचूप दिलंय, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी ती भागाईच्या मागोमाग गेली आणि दीपमाळेच्या आड उभी राहिली.

भागाईने देवीला हात जोडले. "आई, आले गं. दमलेय आज," एवढंच म्हणाली. मग सुटलेली वेणी नीट घातली, पदराच्या गाठीतले गूळ-शेंगदाणे खाल्ले, पाणी प्याली आणि खांबाला टेकून डोळे मिटले. ना नवस, ना मागणं.

येसूचा जळफळाट आणखी वाढला. वरदान असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. ही तर नुसती बसली होती.

तडक परत येऊन तिने भागाईच्या सासूला तिच्या दारात गाठलं. "मावशी, तुमची सून देवळात झोपा काढते. इकडे बाळ रडून रडून काळंनिळं होतं. भिंतीपलीकडून ऐकवत नाही मला."

झोपण्याचं खरं होतं. रडण्याचं खोटं. म्हातारीला कमी ऐकू यायचं, हे येसूला ठाऊक होतं.

भागाईचं देवळात जाणं त्याच दिवशी बंद झालं. "पोर कडेवरून खाली ठेवायचं नाही," असंही सासूने बजावलं. चार दिवस येसूला अन्न गोड लागलं. मग पलीकडचं गुणगुणणं थांबलं, भागाईचा आवाज चढू लागला, तिचीही पोरं मार खाऊ लागली. येसूच्या डोक्यावरचं ओझं मात्र तसूभरही हललं नाही.

महिन्याभराने एका सकाळी दोघी विहिरीवर होत्या. भागाईच्या डोक्यावर भरलेली घागर, कडेवर बाळ. पायरी चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. बाळ घरंगळत विहिरीच्या काठाशी गेलं. येसूने हातातली कळशी टाकली आणि झेप घेऊन त्याचं झबलं धरलं. खाली काळंभोर पाणी होतं.

भागाईला घरी आणलं. वैद्याने नाडी पाहिली. "रोग काही नाही. हिच्या अंगात त्राणच उरलेलं नाही."

येसूच्या मांडीवर बाळ होतं. ते खाली ठेवायचा तिला धीर होईना. ती म्हणाली, "मावशी, हे पोर कधी रडत नव्हतं. मी खोटं बोलले. हिला बसलेलं मला बघवत नव्हतं."

म्हातारीने सुनेच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तू सांगितलंस आणि मी पटकन मानलं. माझ्या उमेदीत मला कुणी घटकाभर बसू दिलं नाही. हिचं बसणं मलाही खुपतच होतं."

भागाई अंथरुणावरून ऐकत होती. तिला राग आला होता, आणि तो निवायला पुष्कळ दिवस लागले. पण बरी झाल्यावर एका दुपारी ती स्वतः येसूच्या दारात आली.

"आज तू जा देवळात. पोरं मी बघते."

"माझी मडकी थापायची राहिलीत."

"राहू देत. दिवसभर आपण सगळ्यांच्या आया असतो, येसू. तिथे घटकाभर कुणाची तरी लेक होता येतं."

येसू गेली. काय काय मागायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण देवीपुढे बसताच सगळं विसरली आणि नुसती रडली. रडता रडता डोळा लागला. दचकून उठली आणि धावत घरी आली, तर पोरं अंगणात खेळत होती. कुणाचंच काही अडलं नव्हतं.

त्या दिवसापासून दोघींनी पाळी लावली. एक देवळात गेली की दुसरी आठही लेकरं सांभाळायची. पुढे एके दिवशी भागाईने सासूच्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "आत्याबाई, आज तुमची पाळी." म्हातारी उंबऱ्यात थोडी घुटमळली, मग हळूहळू देवळाची वाट चालू लागली.

तात्पर्य: दुसरीचा विसावा हिरावून आपला शीण जात नाही, विसावा वाटून घ्यावा, आणि देवापाशी घटकाभर टेकण्यात आईने लाज मानू नये.