झुपी खारीची तिवई

शेवग्याचं झाड होतं. झाडावर खार होती. खारीचं नाव झुपी.

झुपीच्या गळ्यात काय? झुपीच्या गळ्यात कॅमेरा. बोराएवढा. काळा काळा.

झुपी फोटो काढायची. मुंगीचा काढायची. भोपळ्याच्या फुलाचा काढायची. खट्टक! झाला फोटो.

शेजारी उंबर होता. उंबराच्या खालच्या फांदीवर शिंपीणताई राहायची. शिंपीणताई म्हणजे इवलीशी पाखरीण. दोन पानं घ्यायची. चोचीने शिवायची. आत कापूस घालायची. झालं तिचं घर.

एका सकाळी शिंपीणताई म्हणाली, "झुपी, माझी तिन्ही पिल्लं आज उडणार गं. दुपार कलली की भुर्र. एक फोटो काढून दे ना. आठवण आली की बघत बसेन."

"काढते की, ताई," झुपी म्हणाली.

झुपीने तिवई आणली. तिवईला पाय तीन. वर बसतो कॅमेरा. मोठी माणसं तिला ट्रायपॉड म्हणतात. झुपीची तिवई ज्वारीच्या धाटांची होती. हलकी हलकी, पिसासारखी.

झुपीने कॅमेरा वर ठेवला. वारा आला. तिवई वाकली. कडाक! तिवई मोडली.

"जाऊ दे," शिंपीणताई म्हणाली. "हातात धर आणि काढ."

झुपीने कॅमेरा हातात धरला. खट्टक! फोटो पाहिला. पिल्लं कुठे आहेत? सगळं पुसट पुसट.

"घरट्यात सावली आहे ना, ताई," झुपी म्हणाली. "सावलीत कॅमेरा हळू बघतो. तेवढ्यात माझे हात हलतात."

एक पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन बसलं. त्याने पंख झाडले. फड फड.

"थांब रे बाळा," शिंपीणताई म्हणाली. "एवढ्यात नको."

झुपीने मुठीत चार शेंगा घेतल्या. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

चिंचेखाली वानरशेठचं दुकान. दुकानात तिवयाच तिवया.

"या झुपीताई, या," वानरशेठ म्हणाला. "ही बघा. काय चमक, काय उंची. सोन्याने लाजावं. फक्त मूठभर शेंगा."

झुपीने तिवईला एक बोट लावलं. डुगडुग डुगडुग.

"वानरशेठ, ही तर नाचते."

"मग बोट लावू नका ना."

"अहो, बोट लावायचं नाही, तर कॅमेरा कसा ठेवायचा?"

वानरशेठने डोकं खाजवलं. मग दुसरी तिवई दाखवली. ती होती लोखंडाची. झुपीने बोट लावलं. हलली नाही. हात लावला. हलली नाही.

"ही कितीला?"

"टोपलीभर शेंगा."

झुपीने मूठ उघडली. आत शेंगा चारच. एक तिवई परवडते, पण डुगडुगते. एक डुगडुगत नाही, पण परवडत नाही. आता काय करायचं?

झुपी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाभळीखाली भिवा सुतार बसले होते. हातात रंधा. सर्र सर्र, सर्र सर्र.

"भिवामामा, भिवामामा, तिवई करा ना.
तिवई नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, आणि पिल्लं उडायला बसलीत."

भिवामामांनी रंधा खाली ठेवला. "करतो की. चार शेंगा पुष्कळ झाल्या. पण लाकूड तुला जड होईल, बाय. बांबू हवा. आणि जून हवा. कोवळा वाकतो. काठ्या आण, मग करतो."

झुपी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत बांबूचं बेट. बांबू आजोबा वाऱ्यावर करकरत होते. कर्र कर्र.

"बांबू आजोबा, बांबू आजोबा, तीन काठ्या द्या ना.
काठ्या नाहीत, तर तिवई नाही.
तिवई नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, आणि पिल्लं उडायला बसलीत."

"देईन गं पोरी," बांबू आजोबा म्हणाले. "पण माझे पाय बघ. माती कशी भेगाळली आहे. घसा कोरडा पडलाय. पाणी आण, मग देतो."

झुपी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पुढे ओढा. ओढ्यात पाणी कुठे होतं? एकच बारीक धार. टिप टिप, टिप टिप.

"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे ना.
पाणी नाही, तर काठ्या नाहीत.
काठ्या नाहीत, तर तिवई नाही.
तिवई नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, आणि पिल्लं उडायला बसलीत."

"माझ्याकडे पाणी खूप आहे," ओढा म्हणाला. "पण ते येणार कुठून? वर वळणावर म्हैस बसलीय. मधोमध. आडवी. तिला उठव, मग देतो."

झुपी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वळणावर म्हैस होती. ही एवढी. डोळे मिटून रवंथ करत होती. चपक चपक, चपक चपक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना.
म्हैस उठत नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर काठ्या नाहीत.
काठ्या नाहीत, तर तिवई नाही.
तिवई नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, आणि पिल्लं उडायला बसलीत."

म्हशीने एक डोळा उघडला. "कशी उठू गं? चिखलात बसले की बरं वाटतं. बाहेर आले की गोचिडी चावतात. तो बगळा येईना झालाय. बगळ्याला आण, मग उठते." आणि डोळा मिटला.

झुपी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बांधावर बगळा होता. पांढरा पांढरा. एका पायावर उभा. गप्प गप्प.

"बगळेराव, बगळेराव, चला ना.
बगळा येत नाही, तर म्हैस उठत नाही.
म्हैस उठत नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर काठ्या नाहीत.
काठ्या नाहीत, तर तिवई नाही.
तिवई नाही, तर फोटो नाही.
फोटो नाही, आणि पिल्लं उडायला बसलीत."

बगळ्याने मान वळवली. "मुंगीचा फोटो काढतेस. भोपळ्याच्या फुलाचा काढतेस. मी रोज इथे उभा असतो. माझा कधी काढलास?"

झुपी खाली बघू लागली.

"आधी माझा फोटो काढ," बगळा म्हणाला. "मग येतो."

झुपी मटकन खाली बसली. बगळ्याला हवा फोटो. फोटोला हवी तिवई. तिवईला हव्या काठ्या. काठ्यांना हवं पाणी. पाण्यासाठी उठायला हवी म्हैस. म्हशीला हवा बगळा. आणि बगळ्याला? बगळ्याला हवा फोटो. सगळं फिरून तिथेच आलं.

दुपार कलायला लागली होती. झुपीचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय," बगळा म्हणाला. "तीन पाय कशाला लागतात? मी बघ, एकावर उभा आहे. हलतोय का?"

"नाही," झुपी नाक पुसत म्हणाली.

"मग ऐक. तुझे पाय रोव. कोपरं पोटाला लाव. श्वास आत घे. आणि धरून ठेव."

"पण फोटो पुसट येतो, बगळेराव."

"सावलीत येत असेल. इथे बघ, ऊन किती लख्ख आहे."

खरंच की. बांधावर ऊनच ऊन. उन्हात कॅमेरा भराभर बघतो. झुपी उभी राहिली. पाय रोवले. कोपरं पोटाला लावली. श्वास आत घेतला. धरून ठेवला.

खट्टक!

फोटो आला ठळक. एक बगळा, एक पाय, एक लांब चोच.

बगळ्याने फोटो बघितला. इकडून बघितला. तिकडून बघितला. "चोच जरा मोठीच आलीय," तो म्हणाला. "पण छान आहे. चल."

बगळा उडाला, म्हशीच्या पाठीवर बसला. टिच टिच, गोचिडी टिपल्या.

म्हशीला बरं वाटलं. म्हैस उठली. भस्सकन.

म्हैस उठली, तशी वाट सुटली. ओढा धावला. खळखळ खळखळ.

ओढा धावला, बांबूपाशी गेला. बांबू आजोबा पाणी प्यायले. घटघट घटघट. "घे पोरी," ते म्हणाले. "तीन काठ्या. जून, सुकलेल्या. सांभाळून ने."

झुपीने काठ्या ओढत नेल्या. खर्र खर्र, खर्र खर्र.

भिवामामांनी काठ्या घेतल्या. तासल्या. सर्र सर्र. भोकं पाडली. गिर्र गिर्र. खुंटी ठोकली. टक टक टक.

"मामा, पाय एवढे फाकवले कशाला?" झुपीने विचारलं. "उंच करा ना."

"उंच केली की डुलते. खाली रुंद हवी," मामा म्हणाले. "तू नाही का वाऱ्यात पाय फाकवून बसत?"

मग मामांनी एक छोटी पिशवी घेतली. पिशवीत पाच खडे भरले. पिशवी तिवईच्या मधोमध टांगली. "आता येऊ दे वारा."

झुपीने तिवईला बोट लावलं. हलली नाही. हात लावला. हलली नाही. वर चढून उडी मारली. तरी हलली नाही.

झुपीने मूठ उघडली. मामांनी तीन शेंगा घेतल्या. एक परत दिली. "ही वाटेत खा. दमली आहेस."

झुपीने पिशवी गळ्यात घातली. तिवई खांद्यावर टाकली. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु.

शेंग? शेंग खाल्लीच नाही. वेळ कुठे होता?

उंबराखाली आली. वर बघितलं. घरटं मोकळं. झुपीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"इकडे, इकडे," शिंपीणताई पानाआडून म्हणाली. "तिघंही फांदीवर येऊन बसलीत. थांबा थांबा म्हणता म्हणता माझा घसा बसला. लवकर ये गं."

झुपी फांदीवर चढली. तिवई रोवली. पिशवी टांगली. कॅमेरा वर ठेवला. वारा आला. पानं हलली. तिवई? तिवई जागची हलली नाही.

पिल्लं ओळीत बसली. एक, दोन, तीन. शेजारी शिंपीणताई बसली. झुपीने कॅमेऱ्यातून बघितलं.

"झुपी, तू कुठे आहेस?" शिंपीणताईने विचारलं.

"मी इथे. कॅमेऱ्यामागे. मला फोटो काढायचाय ना."

"आता कॅमेरा कोण धरतंय?"

झुपीने बघितलं. "तिवई."

"मग ये की इकडे. किती दमलीस माझ्या पिल्लांसाठी. त्यांच्याजवळ बस."

झुपी आजवर कुठल्याच फोटोत नव्हती. मागे कोण उभं राहणार? पण आता तिवई होती. झुपीने कॅमेऱ्याला सांगितलं, जरा थांब, मग काढ. आणि पळत जाऊन पिल्लांजवळ बसली.

टिक टिक टिक टिक. सगळे गप्प. सगळ्यांनी श्वास धरला.

खट्टक!

आणि लगेच भुर्र. एक पिल्लू उडालं. भुर्र. दुसरं उडालं. तिसरं जरा घाबरलं. आईकडे बघितलं.

"जा बाळा," शिंपीणताई म्हणाली. "फोटो झालाय."

भुर्र.

शिंपीणताई बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली. झुपी तिला टेकून बसली.

मग झुपीने फोटो दिला. शिंपीणताईने एक धागा आणला. दोन टाके घातले. फोटो घरट्याच्या पानाला शिवून टाकला. आणि बघत बसली.

पिल्लांच्या पिवळ्या चोची ठळक. इवले पाय ठळक. शिंपीणताई ठळक. झुपीचे डोळे ठळक, मिशा ठळक. एवढंसं काहीतरी मात्र पुसट होतं.

"हे पुसट काय आहे गं?"

झुपीने वाकून बघितलं. "माझी शेपटी, ताई."

"का हलली?"

"खूप आनंद झाला होता. तिला आता कुठली तिवई लावू?"

शिंपीणताई हसली. चिवचिव हसली. झुपी हसली. चिकचिक हसली. मग दोघींनी मिळून ती शेंग खाल्ली.

पिल्लं गेली रानात. फोटो राहिला पानात. गोष्ट आली तुमच्या कानात.