बंबाची गळती

न्हाणीघरातली भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या दिवसांतली गोष्ट. कुमुदवहिनींचा तांब्याचा बंब म्हातारा झाला होता. कुठून तरी पाणी झिरपायचं आणि आतला विस्तव विझायचा. शेवटी वहिनींनी तांबटाला बोलावलं.

"दुरुस्ती कसली? मला मोडीत घालायला येतोय तो," बंब शेजारच्या घंगाळाला म्हणाला. "काल वहिनी नव्या बंबाची चौकशी करत होत्या. ऐकलंय मी."

"अरे, कुठे गळतंय ते त्याला दाखव तरी."

"म्हणजे आयतं निमित्त देऊ त्याच्या हातात?"

तांबटाने बंबात काठोकाठ पाणी भरलं. बंबाने पोटात साचलेला क्षार भोकाशी घट्ट दाबून धरला. तांबटाने चाचपलं, ठोकलं, वाट पाहिली. एक थेंब पडेल तर शपथ!

तांबटाने डाख लावायचं सामान पुन्हा पिशवीत भरलं. "वहिनी, भोक सापडलं असतं तर आत्ता बुजवून दिलं असतं. आणखी कितीतरी हिवाळे चालला असता. पण गळतो, आणि कुठून ते कळत नाही, म्हणजे पत्राच विरलाय. नवा घ्या."

बंबाने घंगाळाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"