देवकूने धरलेला दोर

उंच कड्यांच्या एका मुलखात धुंडिराज नावाचा राजवैद्य राहत होता. त्याच्याइतका हुशार वैद्य त्या राज्यात दुसरा नव्हता. त्याने कितीतरी प्रेते उघडून पाहिली होती. कोणते हाड कुठे बसते, कोणती शीर कुठून कुठे जाते, सगळे त्याला पाठ होते. मोडलेला हात तो असा बसवी की दोन महिन्यांनी माणूस पाण्याने भरलेली घागर उचलू लागे.

एवढे पाहून त्याची एक समजूत पक्की झाली होती. तो राजाला म्हणे, "महाराज, माणूस म्हणजे विहिरीवरचा रहाट. फक्त गुंतागुंत जास्त. हाडं ही लाकडं, शिरा हे दोर, छाती हा भाता. मी सगळं उघडून पाहिलंय. याहून जास्त आत काही नाही."

राजाला हे बोलणे आवडले. राज्य चालवायला ते सोपे होते.

कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांची वस्ती होती. ही माणसे दोराला लटकून कड्यावरची पोळी काढत आणि मध राजवाड्यात पोचवत. त्याबद्दल त्यांना राजाच्या कोठीतून माणशी शिधा मिळे. त्या वस्तीत हाशा नावाचा मधवाला होता. एके दिवशी दोर तुटून तो खाली पडला. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले.

राजाने धुंडिराजाला पाठवले. धुंडिराजाने हाशाच्या पायांना काटा टोचून पाहिला. हाशा नुसता छपराकडे बघत राहिला.

"हा पुन्हा चालेल का?" राजाने नंतर विचारले.

"नाही, महाराज."

"मग याच्या शिध्याचं काय करायचं?"

"पार मोडलेल्या रहाटाला आपण तेल घालत नाही," धुंडिराज म्हणाला.

हाशाचा शिधा बंद झाला. पुढच्या वर्षी आणखी तीन नावे कोठीच्या यादीतून गेली. एक आंधळी म्हातारी, एक खोकला न थांबणारा माणूस आणि एक मुलगी, जिला जन्मापासून बोलता येत नव्हते. जो आपल्या पानातले त्यांना देईल, त्याचाही शिधा कापला जाईल, अशी दवंडी पिटली गेली.

त्या दिवसापासून वस्तीला भीतीने घेरले. धुंडिराजाचा घोडा दिसला की बोलणे थांबे. म्हातारे पाठ ताठ करून उभे राहत. ज्याला खोकला येई तो तोंडात पदर नाहीतर पटका कोंबून झोपडीमागे जाई. रांगायला उशीर झालेल्या मुलाला आई टोपलीखाली लपवी. धुंडिराज कोणाला रागावत नसे, ओरडत नसे. तो फक्त बघे. आणि त्याच्या त्या बघण्यानेच माणसांचे हातपाय गार पडत.

हाशाची बायको देवकू नवऱ्याच्या जागी दोराला लटकू लागली. तिच्या एकटीच्या शिध्यात दोघे जेवत. जेवताना ती दार लावून घेई.

असे चालू असताना राजमाता आजारी पडली. ताप उतरेना. तिला लागणारे औषध एका कंदात होते आणि तो कंद कड्याच्या मधोमध एका कपारीत उगवे. तसाच दिसणारा दुसरा एक कंद विषारी होता. दोहोंतला फरक एकट्या धुंडिराजाला कळे. दुसऱ्या कोणाला उतरवून चालणार नव्हते. त्याला स्वतःलाच कड्यावरून खाली जावे लागणार होते.

सकाळी तो दोन शिपाई घेऊन माथ्यावर आला. हाशा अंथरुणाला खिळल्यावर त्या कपारीची वाट ठाऊक असलेली देवकू एकटीच उरली होती. शिपायांनी तिला बोलावून आणले. धुंडिराजाने तिचे नाव विचारले नाही. त्याने तिचे खांदे पाहिले, मनगट पाहिले आणि म्हणाला, "तिघांची ताकद पुरेल."

माथ्यावर दोर बांधायला झाड नव्हते, नुसता कातळ होता. दोर माणसांनीच धरायचा होता. देवकू त्याच्या कमरेला दोर बांधताना म्हणाली, "वैद्यबुवा, कपारीच्या उजव्या बाजूला आग्यामोहोळ आहे. सुपाएवढं. तिकडे खडासुद्धा पडता कामा नये. थोडं थांबा, मी वाळलं गवत आणते. धूर करू, मग उतरा."

"राजमातेपाशी तेवढा वेळ नाही," धुंडिराज म्हणाला आणि उतरला.

कंद त्याला सापडला. पानावरची तांबडी शीर त्याने दोनदा तपासली. छोट्या पहारीने कपार उकरून त्याने कंद काढला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. पण पहार काढताना एक दगड निसटला. तो उजवीकडे उडाला आणि थेट मोहोळावर आदळला.

आधी नुसता घूं असा आवाज आला. मग काळा ढग कड्यावरून वर चढला. धुंडिराज कपारीत अंग चोरून होता, त्याला आठ-दहा माश्याच डसल्या. सगळा ढग वर माथ्यावर गेला. तिथे घाम गाळणारी, हलणारी माणसे होती.

वरून किंकाळ्या आल्या. दोर एकदम सैल झाला. धुंडिराज कपारीतून बाहेर फेकला गेला आणि दगडासारखा खाली गेला. तीन माणसांच्या उंचीएवढा, चार माणसांच्या उंचीएवढा खोल. मग कमरेला जबर हिसका बसला आणि तो अधांतरी थांबला. खाली झाडे गवताच्या काड्यांएवढी दिसत होती. बाजूच्या पायवाटेने दोन्ही शिपाई डोक्यावर हात घेऊन पळताना दिसले.

त्याने दोनदा मोजले. दोघेच होते.

"वर कोण आहे?" तो ओरडला.

"मी."

"मी कोण?"

"देवकू. हाशाची बायको."

आता त्याला ते मनगट आठवले, ते खांदे आठवले, आणि काटा टोचल्यावरही छपराकडे बघणारा तो माणूस आठवला.

"बाई, ऐक! मी महाराजांना सांगतो. हाशाचा शिधा उद्यापासून सुरू करतो. दुप्पट करतो!"

"बोलू नका. बोललात की दोर हलतो."

तो गप्प झाला. पण त्याचे डोके गप्प बसेना. निखाऱ्यावर हात पडला की हात आपोआप मागे येतो, त्याला कोणी सांगावे लागत नाही, हे त्याने स्वतः शिष्यांना शिकवले होते. डंख बसला की बोटे उघडतात. वर शेकडो माश्या होत्या. बाई एकटी होती. तिच्या मनात त्याच्याविषयी काय असेल हे सांगायला वैद्य लागत नव्हता. त्याने हिशेब केला. शंभर आकडे होईपर्यंत फार तर. मग हात सुटणार. सुटायलाच हवा.

तो मोजू लागला. नको म्हटले तरी मोजू लागला. साठ. सत्तर. नव्वद. शंभर झाले. दोर तसाच होता. त्याला हायसे वाटायला हवे होते, पण त्याची भीती वाढली. आपण कशाला लटकलो आहोत, हेच त्याला कळेनासे झाले. स्नायूंची ताकद त्याला ठाऊक होती, ती केव्हाच संपायला हवी होती. दीडशे. दोनशे. मग त्याला मोजणेही जमेना.

वरून कण्हण्याचा आवाज येत होता. काही वेळाने तोही थांबला.

"बाई!" त्याने हाक मारली. "बाई, आहेस ना?"

उत्तर नाही. दोर मात्र बारीक थरथरत होता. थरथरतोय म्हणजे कोणीतरी धरलाय, एवढ्या एका गोष्टीवर तो डोळे मिटून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्या माणसासाठी देवाला काही मागत होता. ते आपल्या जिवासाठी आहे की तिच्या, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

वस्तीतल्या लोकांनी खालून माश्यांचा ढग पाहिला. शिपाई पळताना पाहिले. ते घोंगड्या पांघरून, धुमसते गवत हातात घेऊन वर धावले. धुराने माश्या हटल्या. मग सहा-सात जणांनी दोर ओढला आणि धुंडिराज कातळावर येऊन पडला.

समोर देवकू बसली होती. टाचा कातळाच्या भेगेत रुतवलेल्या. दोर कमरेभोवती आणि डाव्या मनगटाभोवती गुंडाळलेला. तोंड इतके सुजले होते की डोळे दिसत नव्हते. तळहाताचे कातडे दोराला चिकटले होते. तिला दोर सोडायला सांगितले, पण बोटे उघडेनात. धुंडिराजाने स्वतः ती एकेक करून सोडवली.

कंद राजवाड्यात पोचला आणि चार दिवसांनी राजमातेचा ताप उतरला. धुंडिराज मात्र कंद शिपायाच्या हाती देऊन वस्तीतच राहिला. देवकूच्या झोपडीत बसून त्याने तिचे काटे काढले, लेप लावले, रात्रंदिवस नाडी धरली. कोपऱ्यातल्या बाजेवरून हाशा त्याच्याकडे बघत असे. धुंडिराजाला त्या नजरेला नजर देणे जमत नव्हते.

पाचव्या दिवशी देवकूच्या तोंडून शब्द फुटला. तेव्हा त्याने विचारले, "बाई, तुला दुखत नव्हतं का?"

"दुखत होतं."

"भीती?"

"होती की. मरणार असंच वाटलं."

"माझा राग?"

देवकू म्हणाली, "तो तर सगळ्यात जास्त. हात म्हणत होते सोड, भीती म्हणत होती पळ, राग म्हणत होता पडू दे."

"मग धरलं कोणी?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मीच धरलं," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं तिथं?"

धुंडिराज उठून बाहेर गेला आणि बराच वेळ उन्हात उभा राहिला.

महिन्याने तो दरबारात आला. राजाने देवकूची चौकशी केली. "तिचा हात पूर्ववत होईल का?"

"उजवा होईल. डाव्याची तीन बोटं कधी मिटणार नाहीत."

"म्हणजे ती दोराला लटकू शकणार नाही." राजाने कारकुनाकडे पाहिले. "तुमच्याच नियमाप्रमाणे, वैद्यराज."

ज्या शब्दावर राजाने चार वर्षे कारभार केला, तो शब्द भर दरबारात मागे घेणे म्हणजे काय, हे धुंडिराजाला माहीत होते. तरी तो बोलला.

"महाराज, मी चुकीचं सांगितलं होतं. माणूस रहाट नाही."

"मग काय आहे?" राजाचा आवाज चढला. "तुम्ही शेकडो देह उघडलेत. दाखवा मला, ते जास्तीचं कुठं असतं? काळजात? डोक्यात?"

"मला दाखवता येत नाही. देवकूचा देह उघडला असता, तर हाडं आणि शिराच दिसल्या असत्या. पण त्या वेळी मी तिच्या दोराला लटकलेलो होतो. मला ठाऊक असलेल्या प्रत्येक नियमानं दोर सुटायला हवा होता. तो सुटला नाही, म्हणून मी इथं उभा आहे. ते काय होतं त्याचं नाव मला माहीत नाही. पण ते आहे. आणि ते हाशातही असेल, त्या आंधळ्या म्हातारीत असेल, त्या मुक्या मुलीत असेल. मी फक्त त्यांचे अवयव पाहिले."

राजा संतापला. त्याने धुंडिराजाचे राजवैद्यपद काढून घेतले. मात्र देवकूचे नाव त्याने खोडले नाही. कारकुनाची लेखणी तशीच वर धरलेली राहिली आणि राजा उठून आत गेला. पुढे राजमातेने स्वतः मुलाशी बोलून बंद झालेला शिधा पुन्हा सुरू करवला. तो दिवस यायला पावसाळा उलटावा लागला. खोकणारा माणूस तोवर जगला नव्हता. धुंडिराज त्याला शेवटपर्यंत औषध देत होता. ती गोष्ट त्याला नंतर कधीच विसरता आली नाही.

तो वस्तीतच राहू लागला. लोकांची भीती एकदम गेली नाही. मुले त्याला पाहून अजून आत पळत. पण तो आता आजाऱ्याला तपासण्याआधी त्याचे नाव विचारी आणि जरा वेळ त्याच्याशी बोलत बसे.

एका दुपारी हाशा देवकूला म्हणाला, "तू त्या दिवशी दोर सोडला असतास, तरी कोणी बोट दाखवलं नसतं. सगळे म्हणाले असते, बाईला माश्या डसल्या, हात सुटला. मीसुद्धा काही म्हटलं नसतं."

देवकू न मिटणाऱ्या बोटांनी भाकरी मोडण्याचा प्रयत्न करीत होती. ती म्हणाली, "ठाऊक होतं मला. मी मुद्दाम सोडला, हे फक्त मलाच कळलं असतं. माश्यांपेक्षा मला त्याचीच भीती वाटली."

तात्पर्य: माणसाची हाडे मोजता येतात आणि ताकदही मोजता येते. पण सोडून देणे सोपे असताना तो काय धरून ठेवील, हे कोणालाही मोजता येत नाही. म्हणून कोणत्याही माणसाला वस्तू समजून मोडीत काढू नये.